भूल दिल्यावर डॉक्टर जातात कुठे?

मैत्रिणींनो, एक प्रश्न विचारते. तुमच्या घरात गेल्या काही वर्षांत कुणाचे ना कुणाचे ऑपरेशन झालेच असेल. सिझेरियन असेल, अपेंडिक्सचे असेल, नाहीतर गर्भाशय काढण्याचे. ते करणाऱ्या सर्जनचे नाव आठवते? नक्की आठवत असेल. आता सांगा, त्या वेळी भूल कुणी दिली होती?

अडखळलात ना? दोन वर्षांपूर्वी मलाही हे सांगता आले नसते. सासूबाईंच्या ऑपरेशनच्या दिवशी माझ्या हातून एक चूक झाली आणि त्या चुकीपायी मला हे सारे कळले. ती चूक अर्ध्या कप चहाची होती.

अर्धा कप चहा

सासूबाईंच्या पित्ताशयात खडे झाले होते. वय अडुसष्ट. दुर्बिणीतून ऑपरेशन करायचे ठरले. आदल्या संध्याकाळी सिस्टरने बजावले, "रात्री दहानंतर काही खायचं-प्यायचं नाही हं आजी." आता आमच्या सासूबाईंचा चहा पहाटे पाचचा. गेल्या पन्नास वर्षांत तो एकादशीलाही चुकलेला नाही. सकाळी सहा वाजता त्या अगदी केविलवाण्या होऊन म्हणाल्या, "अगं, रिकाम्या पोटी ते भुलीचं औषध डोक्यात चढेल. घोटभर तरी दे."

मला ते पटले! थर्मासमध्ये माझ्यासाठी आणलेला चहा होता. दूध-साखरेचा, आले घातलेला. अर्धा कप दिला, वर एक बिस्किट दिले. चहा म्हणजे काही जेवण नव्हे, अशी मनाची समजूतही घातली.

ऑपरेशन नऊला होते. साडेआठच्या सुमारास एक बाई आल्या. हिरवे कपडे, डोक्याला टोपी. मला वाटले, सिस्टर असतील. त्या सासूबाईंना एकामागून एक प्रश्न विचारू लागल्या. दात हलतात का? कवळी आहे का? पूर्वी कधी भूल घेतली होती का? जिना चढताना दम लागतो का? मिश्री लावता का? शेवटी म्हणाल्या, "सकाळपासून काही घेतलंत, आजी?"

"नाही हो. पाण्याचा थेंबसुद्धा नाही," सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी हळूच माझ्याकडे पाहिले. मी खिडकीबाहेर पाहू लागले.

बाई दारापर्यंत गेल्या आणि परत फिरल्या. मला म्हणाल्या, "रात्री सोबतीला तुम्हीच होतात ना? मग तुम्ही सांगा. मी रागावणार नाही."

शाळेत मुलांना 'खरे बोलावे' म्हणून शिकवणारी मी! मान खाली घातली आणि सांगून टाकले.

ऑपरेशन दुपारी तीनवर गेले. ह्यांनी रजा टाकली होती, वन्सं पुण्याहून पहाटेच्या गाडीने आल्या होत्या. सगळेच वैतागले. वन्सं तर म्हणाल्या, "अर्ध्या कप चहानं असं काय आभाळ कोसळणार आहे?" त्या बाई, म्हणजे आमच्या भूलतज्ज्ञ डॉक्टर, खुर्ची ओढून आमच्यापाशी बसल्या आणि त्यांनी दहा मिनिटांत आमचे डोळे उघडले.

उपास कशासाठी?

मला आजवर वाटायचे, उपाशी ठेवतात ते उलटी होऊन घाण होऊ नये म्हणून. वन्संना वाटायचे, पोट रिकामे असले की सर्जनला काम करायला सोपे जाते म्हणून. दोघींचेही चुकले होते.

जेवताना घास चुकीच्या नळीत गेला की आपल्याला ठसका लागतो. हा ठसका म्हणजे फुप्फुसाच्या दारावरचा राखणदार. भूल दिली की हा राखणदारही झोपतो. अशा वेळी पोटातले अन्न आणि आम्ल वर आले, तर ते सरळ फुप्फुसात उतरू शकते. आम्लाने फुप्फुस आतून भाजून निघते, कधी अन्नाचा कण अडकून श्वास बंद होतो. हे जिवावर बेतू शकते. कर्टिस मेंडेलसन या अमेरिकन डॉक्टरांनी १९४६ साली बाळंतिणींच्या बाबतीत हा धोका तपशीलवार मांडला. तेव्हापासून ऑपरेशनपूर्वीच्या उपासाला एवढे महत्त्व आले.

दुधाचे पोटात गेल्यावर घट्ट दही होते. म्हणून दुधाचा चहा हा पाण्यात धरत नाहीत, तो खाण्यात धरतात. साधारण हिशेब असा: तळकट, जड जेवणानंतर आठ तास; हलके खाणे, दूध किंवा दुधाचा चहा यांनंतर सहा तास; अंगावर पिणाऱ्या बाळाला आईच्या दुधानंतर चार तास; आणि साध्या पाण्यानंतर दोन तास. अर्थात मधुमेह, गरोदरपण, पोटाचे विकार असे काही असेल तर हा हिशेब बदलतो, म्हणून आपल्या डॉक्टरांनी सांगितलेली वेळच खरी. पण म्हाताऱ्या माणसाला किंवा लहान मुलाला विनाकारण बारा-चौदा तास घसा कोरडा ठेवून तळमळवू नये. "साधं पाणी किती वाजेपर्यंत चालेल?" असे आदल्या दिवशीच स्पष्ट विचारून घ्यावे.

त्या डॉक्टरबाई उठता उठता जे बोलल्या, ते माझ्या मनात रुतून बसले आहे. त्या म्हणाल्या, "तुम्ही सांगितलंत म्हणून मी थांबले. नसतं सांगितलंत, तर आजींच्या पोटातला चहा मला बाहेरून दिसला नसता. माझं निम्मं काम पेशंटच्या खऱ्या बोलण्यावर चालतं."

आपल्याला काय वाटते?

पुढे सहज म्हणून मी शाळेच्या स्टाफरूममध्ये विचारले, "ऑपरेशनच्या वेळी भूल देणारे डॉक्टर काय करतात?" सगळ्या शिकल्यासवरलेल्या बायका. एकीने सांगितले, "इंजेक्शन देतात आणि जातात." दुसरीने विचारले, "ते डॉक्टर असतात का? मला वाटलं, सर्जनचे असिस्टंट." तिसरीला तिच्या सिझेरियनच्या वेळी उशाशी कुणीतरी सारखे बोलत होते, ते आठवत होते. "सिस्टर फार प्रेमळ होत्या," ती म्हणाली. त्या सिस्टर नसून भूलतज्ज्ञ असाव्यात, हे तिला त्या दिवशी माझ्याकडून कळले!

आणि आमच्या घरी? बिलावरचा भूलतज्ज्ञांच्या फीचा आकडा पाहून हे म्हणालेच, "एका इंजेक्शनचे एवढे पैसे?"

यात दोष एकट्या आपलाच नाही. आपल्याकडे लहान शहरांत पुष्कळसे भूलतज्ज्ञ आपली बॅग घेऊन एका इस्पितळातून दुसऱ्या इस्पितळात जातात. पेशंटची आणि त्यांची गाठ पडते ती ऐन वेळी, तीही तोंडावर मास्क असताना. नंतर आपण गुंगीत असतो. शुद्धीवर येतो तेव्हा समोर सर्जन उभे. मग आपण हात जोडतो ते त्यांनाच.

तर पहिली गोष्ट लक्षात ठेवा. भूलतज्ज्ञ हे पूर्ण डॉक्टर असतात. एम.बी.बी.एस. झाल्यावर एम.डी.साठी आणखी तीन वर्षे ते याच विषयाचा अभ्यास करतात.

पडद्यामागे

मग भूल दिल्यावर हे डॉक्टर जातात कुठे? कुठेही जात नाहीत. ऑपरेशन संपून पेशंट शुद्धीवर येईपर्यंत त्याच्या उशाशीच असतात.

झोप आणि भूल यांत फार फरक आहे. झोपलेल्या माणसाला चिमटा काढला तर तो जागा होतो. पूर्ण भुलीत तसे होत नाही. शिरेतून औषध देतात (हल्ली बरेचदा ते दुधासारखे पांढरे असते) आणि अर्ध्या-एक मिनिटात शुद्ध जाते. पण ते औषध थोड्याच मिनिटांत उतरते. म्हणून पुढे वायूतून किंवा शिरेतून ते सतत चालू ठेवावे लागते. आमटीत मीठ एकदाच घालून चालते, इथे मात्र क्षणाक्षणाला चव बघायची असते. जास्त झाले तर रक्तदाब कोसळतो, कमी पडले तर पेशंट जागा होण्याची भीती.

दुर्बिणीच्या ऑपरेशनात पोटात वायू भरून पोट फुगवतात आणि स्नायू सैल पडावेत म्हणून औषध देतात. त्या औषधाने श्वासाचे स्नायूही थांबतात. म्हणजे तासभर सासूबाई स्वतः श्वास घेतच नव्हत्या! घशातून नळी घालून यंत्राने श्वास दिला जात होता आणि ते यंत्र चालवत होत्या आमच्या डॉक्टरबाई. नाडी, रक्तदाब, हृदयाचा आलेख, रक्तातला प्राणवायू, बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड या सगळ्यांवर त्यांचा डोळा. बोटाला लावायचा तो चिमटा २०२०च्या कोरोनात घरोघरी आला, पण जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७०च्या दशकात त्यामागचे तत्त्व शोधले आणि ऑपरेशनच्या टेबलावर तो कित्येक वर्षे पहारा देत आला आहे.

सर्जनचे लक्ष पित्ताशयावर असते, भूलतज्ज्ञांचे लक्ष माणसावर. दुसऱ्याला भूल देणाऱ्याला स्वतः मात्र क्षणभरही भूल पडून चालत नाही.

दोनशे वर्षांपूर्वी असत्या तर

भूल नव्हती तेव्हा काय होते, याची कल्पनाही नको वाटते. आपल्या सुश्रुतसंहितेत शस्त्रकर्मापूर्वी मद्य देण्याचा उल्लेख आहे. परदेशातही दारू, अफू आणि हातपाय धरणारी चार दांडगी माणसे एवढाच आधार. जो झटपट कापेल तो सर्जन मोठा. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी अमेरिकेत बोस्टनच्या इस्पितळात विल्यम मॉर्टन नावाच्या दंतवैद्याने एका तरुणाला ईथर हुंगवून बेशुद्ध केले आणि सर्जन वॉरन यांनी त्याच्या मानेवरची गाठ कापली. तो ओरडला नाही. म्हणून १६ ऑक्टोबर हा आजही जगभर भूलदिन म्हणून पाळतात. पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या सिम्प्सन यांनी क्लोरोफॉर्म आणला. बाळंतपणात कळा कमी करणे योग्य की अयोग्य यावर तिकडे तेव्हा मोठा वाद होता. १८५३ साली खुद्द व्हिक्टोरिया राणीने आठव्या बाळंतपणात डॉ. जॉन स्नो यांच्याकडून क्लोरोफॉर्म घेतला, तेव्हा कुठे बऱ्याच जणांची तोंडे बंद झाली.

आणि आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट म्हणजे हैदराबादच्या डॉ. रूपाबाई फरदूनजी. १८८९च्या सुमारास त्या तिथे पेशंटना क्लोरोफॉर्म देऊ लागल्या. जगातल्या अगदी पहिल्या स्त्री-भूलतज्ज्ञांत त्यांची गणना होते. बायकांनी उंबरठा ओलांडणे कठीण होते, त्या काळातली ही गोष्ट!

सासूबाईंची पहिली भूल १९८१ सालची. नाकावर जाळी धरून वर थेंब थेंब औषध सोडत होते, ते त्यांना आठवते. नंतर दोन दिवस त्यांना ओकाऱ्या होत होत्या. 'औषध डोक्यात चढतं' ही त्यांची भीती तिथली होती. आज औषधे बदलली, यंत्रे बदलली, पण भीती तीच राहिली. कुणी विचारलेच नाही, तर ती जाणार कशी?

मनातल्या शंका

"पुन्हा जाग आलीच नाही तर?" ही सगळ्यांची पहिली भीती. धोका अगदी शून्य आहे असे कुठलाही प्रामाणिक डॉक्टर म्हणणार नाही. पण तब्येत बरी असेल आणि ऑपरेशन ठरवून होत असेल, तर आज भूल पूर्वीपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे. हृदयविकार, दमा, वाढलेली साखर असे काही असेल तर धोका वाढतो. म्हणून तर आधी तपासणी असते.

"मध्येच जाग आली तर?" असे घडू शकते, पण फार क्वचित. ब्रिटन-आयर्लंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत, पूर्ण भूल दिलेल्या साधारण १९ हजारांत एकाने अशी तक्रार केल्याचे दिसले. पूर्वी कधी असा अनुभव आला असेल तर आधीच सांगावे.

"गुंगीत मनातलं काही बोलून गेले तर?" एक शेजारीण मला हे कानात विचारून गेली! पूर्ण भुलीत घशात नळी असते, बोलणार कशा? शुद्धीवर येताना दोन शब्द निसटलेच, तर डॉक्टरांना ते रोजचेच.

"कमरेत इंजेक्शन दिलं की पाठ कायमची जाते." ही समजूत घरोघरी आहे. ती बारीक सुई मज्जारज्जू जिथे संपतो त्याच्या खाली टोचतात. टोचल्या जागी काही दिवस दुखते, पण वर्षानुवर्षांची पाठदुखी त्या सुईने होते असे अभ्यासांत दिसलेले नाही. गरोदरपणी ताणलेली कंबर, बाळाला पाजताना वाकून बसणे, व्यायामाचा अभाव हीच तिची खरी कारणे. मात्र या इंजेक्शननंतर उठून बसल्यावर डोके फार दुखत असेल आणि आडवे झाल्यावर उतरत असेल, तर अंगावर काढू नका, डॉक्टरांना सांगा. त्यावर उपाय आहे.

"म्हाताऱ्या माणसाला भुलीनंतर भ्रम होतो म्हणतात." काहींना काही दिवस गोंधळल्यासारखे होते, हे खरे. अशा वेळी जवळ ओळखीचे माणूस हवे, चष्मा आणि कानाचे यंत्र हाताशी हवे. आम्ही सासूबाईंच्या उशाशी त्यांचे नेहमीचे घड्याळ नेऊन ठेवले होते.

ऑपरेशनला जाण्यापूर्वी

हे कात्रण कापून ठेवावे, वेळेला उपयोगी पडेल.

१. भूलतज्ज्ञांची भेट आदल्या दिवशी तरी होईल का, असे इस्पितळात विचारा. त्यांचे नाव विचारा. भुलीच्या संमतीचा कागद वाचून, समजून मगच सही करा.

२. रोजच्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून सोबत न्या. रक्तदाबाची, साखरेची, रक्त पातळ करण्याची गोळी मनाने बंद करू नका आणि मनाने घेऊही नका. आयुर्वेदिक काढे, चूर्णे, होमिओपॅथीच्या गोळ्या हीसुद्धा औषधेच आहेत, तीही सांगा.

३. हल्ली मधुमेहासाठी आणि वजन उतरवण्यासाठी आठवड्यातून एकदा घ्यायची काही इंजेक्शने आली आहेत. त्यांनी पोट सावकाश रिकामे होते. ती घेत असाल तर आवर्जून सांगा.

४. मिश्री, तंबाखू, सिगारेट, दारू लपवू नका. नातेवाइकांसमोर संकोच वाटत असेल तर एकांतात सांगा.

५. पूर्वीच्या भुलीत काही त्रास झाला असेल, जवळच्या नातलगाला भुलीत काही विपरीत झाले असेल, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी असेल, तर तेही सांगा. रात्री मोठमोठ्याने घोरत असाल तर तेसुद्धा! पाळी चुकली असेल तर न लाजता सांगा.

६. हलणारा दात, कवळी, दुधाचे पडायला आलेले दात दाखवून ठेवा.

७. नेलपॉलिश पुसून जा. बोटांवर गडद मेंदी असेल तर सांगा, बोटाचा चिमटा फसू शकतो. बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी घरच्यांच्या हवाली करा.

८. सर्दी, खोकला, ताप आला तर 'ठरलेली तारीख आहे' म्हणून रेटू नका. आधी फोन करा.

९. त्याच दिवशी घरी सोडले तर चोवीस तास गाडी चालवू नका, महत्त्वाच्या कागदावर सही करू नका, गॅसपाशी उभ्या राहू नका. स्वयंपाक एक दिवस दुसऱ्या कुणी केला तर घर बुडत नाही!

१०. आणि चुकून काही खाल्ले-प्यायले गेले, तर सांगा. ऑपरेशन चार तासांनी होईल, फार तर दुसऱ्या दिवशी होईल. तेवढेच.

पेढ्यांचा पुडा

सासूबाईंचे ऑपरेशन तीन वाजता सुरू झाले आणि व्यवस्थित पार पडले. तिसऱ्या दिवशी त्यांना घरी सोडले. निघताना ह्यांनी पेढे आणले. सर्जनना दिले, सिस्टरना दिले, वॉर्डबॉयला दिले, लिफ्टपाशी बसणाऱ्या काकांनाही दिले. रिक्षात बसल्यावर सासूबाई एकदम म्हणाल्या, "आणि ती चहावाली?"

आम्ही एकमेकांकडे पाहिले. ज्या बाईने तासभर त्यांचा श्वास चालवला, जिने दाराशी जाऊन परत फिरून मला विचारले, तिचे नावसुद्धा आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हते. मी पिशवीतून कागद काढले. संमतीच्या कागदावर खाली सही होती आणि सहीखाली नाव.

रिक्षा वळवून परत गेलो. बाई दुसऱ्या ऑपरेशनमध्ये होत्या. पुडा सिस्टरकडे ठेवला आणि त्यावर नाव लिहिले. कागदात पाहून एकेक अक्षर नीट, चूक न होता.

मैत्रिणींनो, तुमच्याही कपाटात जुन्या ऑपरेशनचे कागद असतील. एकदा काढून बघा. खाली एक सही असेल.